चढलेला घोडा

मानसिंगच्या बंदुकीच्या दुकानात गिऱ्हाइकासाठी एकच खुर्ची होती आणि तिच्यावर महादेवप्पा बसला होता. परवाना दाक्षायणीच्या नावाचा, हत्यार तिनं घ्यायचं, आणि तीच काउंटरला टेकून उभी. दीर आपल्या सोबतीला आलाय की आपण त्याच्या, हे तिला सकाळपासून कळेनासं झालं होतं.

त्र्याहत्तर सालचा एप्रिल होता. आदल्या वर्षीच्या दुष्काळानं माणसं देशोधडीला लागली होती आणि दिवस कलला की बार्शीकडच्या रस्त्यावर कुणी एकटंदुकटं जात नव्हतं. वैरागला त्यांची शेंगतेलाची गिरणी होती. नवरा बसलिंगप्पा दिवाळीआधी हृदयविकारानं गेला, तेव्हापासून ती दाक्षायणीच बघत होती. फेब्रुवारीत वैरागहून परतताना रस्त्यात धोंडे रचून कुणीतरी तिची जीप अडवली. ड्रायव्हरनं गाडी उलटी दामटली म्हणून निभावलं. महादेवप्पाचं म्हणणं, आता गिरणी आपल्याकडं द्यावी आणि वैनींनी घरात बसावं. दुसऱ्या दिवशी कलेक्टर कचेरीत जाऊन दाक्षायणीनं परवान्याचा अर्ज दिला.

बसलिंगप्पाकडं दोन रिव्हॉल्व्हर होती. तो गेल्यावर रीतीप्रमाणे ती मानसिंगकडं जमा झाली होती. तिच्या परवान्यावर मात्र एकाचीच नोंद होणार होती. कुठलं ठेवायचं ते तिनं ठरवायचं.

मानसिंगनं दोन्ही काउंटरवर फडक्यावर मांडली आणि शाळामास्तरासारखं समजवायला घेतलं. हे अमेरिकन. याचा मागचा घोडा दर गोळीला अंगठ्यानं ओढून चढवायचा. चढवला नाही तर चाप कितीही दाबा, काही होणार नाही. चढवल्यावर मात्र चाप इतका हलका, की बोट टेकलं की सुटलंच. आणि हे विलायती. यात घोड्याच्या भानगडीत पडायचंच नाही. नुसता चाप दाबायचा, घोडा आपोआप मागं जातो आणि आपोआप पडतो. पण दोन कामं एकाच बोटानं करायची, तेव्हा जोर लागतो.

महादेवप्पानं खुर्चीतूनच निकाल दिला. विलायतीच घ्यायचं. समोर चोर उभा असताना बाईमाणूस घोडा चढवत बसणार का? शिवाय दादा तेच वापरत होता. हे त्यानं इतक्या वेळा सांगितलं की शेवटी मानसिंगही फडक्याच्या घड्या घालू लागला.

दाक्षायणीनं विलायती उचललं. चाप दाबता दाबता नळीचं तोंड खाली गेलं आणि मनगट थरथरलं. मग अमेरिकन घेतलं. अंगठ्यानं घोडा ओढला, आत बारीक कटकट झाली आणि तो मागं अडकून बसला. बोट टेकलं, सुटला. तिला ते आवडलं. आधी एक ठरवायचं, मग दुसरं. मधे विचाराला जागा होती.

"हेच," ती म्हणाली.

चढलेला घोडा गोळी न उडवता खाली कसा आणायचा, तेही मानसिंगनं शिकवलं. अंगठ्यानं घोडा घट्ट धरायचा, चाप दाबायचा आणि घोडा हळूहळू खाली सोडायचा. रिकाम्यावर आपटू द्यायचा नाही, आतली सुई तुटते. ती कंटाळेपर्यंत त्यानं तिच्याकडून ते करवून घेतलं. परतीच्या टांग्यात महादेवप्पा भवानी पेठेपर्यंत बोलत होता. तिनं रस्त्यावरच्या पाट्या वाचल्या.

घराला लागूनच यंत्रमागांचे कारखाने होते. सकाळी वीज आली की भिंतींतून त्यांची खडखड सुरू व्हायची, ती वीज जाईपर्यंत. घरात तिघांखेरीज कुणी नव्हतं: वर दाक्षायणी, खालच्या खोलीत महादेवप्पा, आणि स्वयंपाकघरात म्हातारी मोलकरीण चंद्रव्वा. ती दाक्षायणीच्या लग्नाआधीपासून या घरात होती. रिव्हॉल्व्हर वरच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवलं. किल्ली दाक्षायणीच्या कमरेला.

एका दुपारी वैरागला निघताना तिनं कपाट उघडलं तर घोडा चढलेला होता. आत गोळ्या भरलेल्या.

आपणच विसरलो, असं तिला वाटलं आणि स्वतःचाच राग आला. अंगठा लावून तिनं तो जपून उतरवला. दुसऱ्या दिवशी तो परत चढलेला. आता राग महादेवप्पाकडं वळला. गिरणी मिळत नाही म्हणून वैनीला घाबरवण्याचे चाळे, दुसरं काय. तिनं त्याला जिन्यात गाठून विचारलं. तो इतका भांबावला की खोटं बोलत नव्हता हे तिला कबूल करावं लागलं, आणि त्यानं ती आणखीच चिडली. काडतुसं काढून तिनं स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यामागं ठेवली. घोडा उतरवला आणि त्याच्यावरून सुताचा दोरा आवळून, मुठीला वेढे देऊन गाठी मारल्या. कपाट बंद केलं.

दुपारी घोडा चढलेला होता. दोरा तुटला नव्हता. गाठी सोडून कुणीतरी त्याची नीट लड केली होती आणि ती शेजारी ठेवली होती.

दाक्षायणीनं चंद्रव्वाला वर बोलावलं. म्हातारीनं दारातूनच पाहिलं, आत आली नाही.

"मी न्हाय हात लावलं, अक्का," ती म्हणाली. "मालकच असतील. त्यांचीच वस्तू की."

"मालकांना उजवा आंगठा होता का, चंद्रव्वा?"

बसलिंगप्पाचा अंगठा तरुणपणीच गिरणीच्या पट्ट्यात गेला होता. तो विलायती वापरायचा ते त्यामुळेच. हे अमेरिकन त्यानं कधी उडवलेलं कुणी पाहिलं नव्हतं. ते घरात कुठून आलं, हे दाक्षायणीनं एकदा विचारलं होतं आणि त्यानं विषय बदलला होता.

चंद्रव्वा घाबरली की कानडीत जायची. "यारो अदार," ती पुटपुटली. कुणीतरी आहे. आणि पदर सावरत खाली गेली. त्यानंतर कितीही कामं असली तरी ती वरच्या मजल्यावर येईना, केरसुणी दाक्षायणीच्याच हातात आली. म्हणजे आणखी एक वैताग.

तिनं रिव्हॉल्व्हर मानसिंगकडं नेलं. त्यानं खोलून एकेक भाग उजेडात धरला, तेल दिलं, परत जुळवलं.

"आतलं झिजलं तर घोडा पडतो, बाईसाहेब," तो म्हणाला. "आपसूक चढत न्हाय. तशी कळच नसते त्यात."

"मग मला विलायतीच द्या."

कचेरीतल्या कारकुनानं परवाना दोन बोटांत धरून तिच्याकडं पाहिलं. महिन्याच्या आत नोंद बदलायची? बाई, हे लुगडं परत करणं नव्हे, असं त्यानं ऐकवलं. तिला तीन खेपा घालायला लावल्या, साहेब जेवायला गेलेत, साहेब दौऱ्यावर गेलेत. शेवटी ती त्याच्या टेबलाशी उभीच राहिली, तेव्हा शिक्का बसला.

विलायती घरी आलं आणि काही दिवस शांततेत गेले. गिरणीच्या मागं, पेंडीच्या थप्प्यांपलीकडं उभी राहून तिनं त्याचा सराव केला. बोट दुखायचं, नेम जमिनीत जायचा, पण कपाटात ते ठेवलं तसं राही. महादेवप्पा खूश होता. आपण म्हणत होतो तेच झालं, हे तो जेवताना, हात धुताना, जिना चढताना सांगायचा. घोडा चढलेला परवडला, असं एकदोनदा तिच्या मनात येऊन गेलं.

मे महिन्यातली एक दुपार. वरच्या खोलीत खिडक्यांना वाळ्याचे पडदे होते, तरी फरशी तापलेली होती. महादेवप्पा गिरणीचा विषय घेऊन वर आला होता. हत्यार साफ करायचं म्हणून तिनं ते टेबलावर काढलं होतं. बोलता बोलता त्यानं ते उचललं, जाणत्यासारखं मधून मोडून उघडलं, सहाही घरं रिकामी आहेत हे पाहिलं, मिटवलं आणि परत टेबलावर ठेवलं. नळीचं तोंड तिच्याकडं आलं होतं. रिकामं असलं तरी असं ठेवू नये, हे ती सांगणार होती. पण तो थांबतच नव्हता. वैनींना हा व्याप झेपत नाही. लोक काय म्हणतात. दादा असता तर.

तिच्या एका हातात पंखा होता, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या.

इतक्यात वीज गेली. गल्लीतले माग एकदम थांबले. दिवसभराची खडखड तुटली आणि खोलीत अशी शांतता झाली, की महादेवप्पाही बोलायचा थांबला.

टेबलावर चाप मागं सरकत होता.

सावकाश. जोर लावावा लागतो तसा, मधेच किंचित अडत. त्याच्याबरोबर घोडा उठत गेला आणि गोळ्यांचं चाक एक घर फिरलं.

टक्.

चाप पुढं आला. परत मागं जाऊ लागला.

दाक्षायणीला उठायचं होतं. चाक फिरलं.

टक्.

महादेवप्पाचे दोन्ही हात मांड्यांवर होते. ती त्या हातांकडं बघत होती, म्हणजे दुसरीकडं बघावं लागू नये.

टक्. मग आणखी एकदा. प्रत्येक वेळी चाप आधीपेक्षा सराईतपणे मागं जात होता.

सहाव्यांदा घोडा पडला तेव्हा तिच्या हातातला तांब्या कलला आणि गार पाणी पायांवर सांडलं. ती उठली. खुर्ची सोडून भिंतीकडं सरकली.

सगळं थांबलं.

"वैनी," महादेवप्पा म्हणाला. "तोंड तुमच्याकडं मी केलतं का?"

"तुम्हीच केलं भावजी."

तो उठला आणि भिंतीला धरून जिना उतरला. गिरणीचा विषय त्यानं त्यानंतर काढला नाही. संध्याकाळी तो वळकटी घेऊन अक्कलकोटला बहिणीकडं गेला. तिला त्याची कीव आली आणि त्याचवेळी असंही वाटलं, की घरातला पुरुष इतके दिवस ज्या सोबतीची शेखी मिरवत होता, ती एवढीच होती.

मानसिंगनं या वेळी फडकं पसरलं नाही. दोन्ही विकून टाका, असं त्यानं सांगितलं. मुंबईहून दुसरं मागवून देतो, बिनवापराचं. दाक्षायणीला तो विचार सुचला नव्हता असं नाही. रात्रभर तिनं तोच केला होता.

"नवीन आणलं तर त्याला हात लावणार न्हाय, असं कोण सांगतंय?" ती म्हणाली.

कोण, असं मानसिंगनं विचारलं नाही. तो पिकल्या पानासारखा पिवळा पडला होता.

"अमेरिकन द्या. ते दोन बोटांचं काम हाय. घरात जे काय हाय ते घोडा चढवून थांबतं. चाप माझ्यावर सोडतं."

कारकुनानं तिला पाहिल्याबरोबर पेन खाली ठेवलं. तिनं त्याला एकही शब्द बोलू दिला नाही. बाईला हत्यार बदलायचं आहे, कारण बाईला पहिलं बरं वाटतं. आणखी काय लिहायचं ते तुम्ही लिहा, असं तिनं सांगितलं आणि शिक्का बसेपर्यंत कचेरीतल्या बाकावर बसून राहिली.

त्यानंतर दाक्षायणीचं बस्तान बसलं म्हणायचं. चंद्रव्वा खालीच राहिली. गिरणी चालली. आठवड्यातून तीनदा ती वैरागला जायची. निघताना कपाट उघडायची, घोडा चढलेला असायचा. अंगठा लावून उतरवायचा, मग काडतुसं भरायची. दूध उतू जाण्याआधी खाली घ्यावं, तसं ते एक काम होऊन बसलं. भीती कधी गेली ते तिला कळलंही नाही. राहिला तो नुसता वैताग. रोज रोज काय, असं ती कपाटाला ऐकवायची. रस्त्यात पुन्हा कुणी धोंडे रचले नाहीत.

श्रावणातली गोष्ट. गिरणीत नवीन घाणा बसायचा होता आणि तिला उशीर झाला होता. खाली ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. डाव्या हातात पिशवी आणि छत्री. कपाट उघडलं, घोडा चढलेला. उजव्या हातानं तिनं रिव्हॉल्व्हर उचललं. पिशवी खाली ठेवा, अंगठा लावा, जपून उतरवा. तिला एकाएकी त्या सगळ्याचा उबग आला. रिकामंच तर आहे. सुई तुटली तर तुटली. नळी भिंतीकडं करून, अंगठा मुठीवरच ठेवून तिनं नुसता चाप दाबला.

आवाज आला नाही.

घोडा पडला नव्हता. तो खाली येत होता, अगदी सावकाश, कुणी धरून सोडावा तसा. अर्ध्यावर थांबला. खालून पुन्हा हॉर्न वाजला. तिनं चाप सोडला नाही. मग उरलेलं अंतर उतरून घोडा जागेवर बसला, आणि मुठीवरच्या तिच्या अंगठ्याला घासून दुसऱ्या एका अंगठ्याचं कोरडं, ऊबदार कातडं बाजूला झालं.