दोन खुर्च्यांची जागा

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायचीच असती, तर तिच्यात मी स्वतःला जरा बरं दाखवलं असतं.

घडलं ते गेल्या ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी. स्टुअर्ट हायवेवर, पिम्बा गाव मागे टाकून उत्तरेला निघालं की जो ओसाड पट्टा लागतो तिथे. नेमका किलोमीटर मला पाठ आहे. पण सांगणार नाही. तुमच्यातला कुणीतरी दीडशहाणा मुद्दाम बघायला जाईल.

माझं नाव ग्लेनिस. नवरा मर्व. आम्ही पोर्ट पिरीचे. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, आणि त्यातली शेवटची नऊ अर्धीअधिक कॅरव्हॅनमध्ये गेली. गाडीमागे जोडून ओढायचं ते चाकांवरचं घर आमच्या गाडीच्या मानाने जरा मोठंच आहे, नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसं. पण मर्वला लांब पाय करून झोपायचं असतं.

आमच्या मुलाची, रसेलची, पहिली मुलगी. रविवारी ॲलिस स्प्रिंग्जला तिचा बाप्तिस्मा होता. आमच्याकडे ऑक्टोबर म्हणजे उन्हाळा तोंडावर आलेला, शहाणी माणसं तेव्हा कधीच गार दक्षिणेला परतलेली असतात. आम्ही उलटे निघालो. रस्ता रिकामा होता.

मुक्काम कुठे करायचे ते मी ठरवते. घरी बसून, वहीत. कुठे सावली आहे, कुठे जमीन सपाट आहे, कुठे संडास आहे, पुढचं पेट्रोल किती लांब. मर्व मला चिडवतो, म्हणतो, "हिला स्वर्गात पाठवलं तरी आधी विचारेल, तिथे संडास कुठेय?" पण दोन नियम तोही पाळतो. चार वाजले की गाडी रस्त्यावरून खाली, कारण उन्हं उतरली की कांगारू रस्त्यावर येतात. आणि वहीत नसलेल्या जागी थांबायचं नाही.

त्या दिवशी टायर फुटला. बदलण्यात अडीच तास गेले. चार वाजले तेव्हा वहीतला मुक्काम अजून नव्वद किलोमीटर लांब होता.

एक नियम पाळायचा तर दुसरा मोडावाच लागणार होता.

तेवढ्यात डावीकडे एक कच्ची वाट दिसली. आत शंभर पावलांवर एक झाड. त्या सगळ्या माळावर ते एकच झाड. खाली सपाट जमीन, थंड पडलेली राख...

आणि राखेच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या.

घडीच्या, हिरव्या कापडाच्या, उन्हाने विटलेल्या. समोरासमोर मांडलेल्या.

आम्हा कॅरव्हॅनवाल्यांत याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. कॅरव्हॅन घेऊन कुठे फेरफटका मारायला जायचं असेल, तर जागेवर खुर्च्या ठेवून जायचं. म्हणजे जागा राखलेली आहे, आम्ही येतोय. त्या खुर्च्यांना कुणी हात लावत नाही. मुक्कामांवर भांडणं होतात, चोऱ्याही होतात, पण खुर्च्या कुणी हलवत नाही.

मर्व खाली उतरला. एका खुर्चीवर बोट फिरवलं. बोटभर लाल माती. दुसरीच्या पायांत कोळ्याने जाळं विणलेलं.

"कित्येक महिन्यांत कुणी फिरकलेलं नाही," तो म्हणाला.

"मर्व, राखलेली जागा आहे. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"मग त्या उन्हात लावू? बेचाळीस आहे बाहेर. तू सांग. तू म्हणशील तिथे लावतो."

मी झाडाकडे पाहिलं. माझे पाय सुजले होते. मी काहीच बोलले नाही. माझं न बोलणं म्हणजे होकार, हे त्याला एकेचाळीस वर्षांत कळलेलं आहे.

त्याने खुर्च्या मिटल्या आणि झुडपाखाली नेऊन टाकल्या. आम्ही तिथे कॅरव्हॅन लावली. एकाच रात्रीचा प्रश्न, म्हणून गाडी सोडवलीसुद्धा नाही.

चहा करताना माझ्या लक्षात आलं... माशा नव्हत्या.

आमच्याकडे दिवसाढवळ्या तोंड उघडायची सोय नसते, इतक्या माशा. डोळ्यांत जातात, कपात पडतात. तिथे एकही नव्हती. कावळाही नव्हता. मर्वला सांगितलं तर म्हणाला, देवाने एक दिवस सुख दिलं तर तेही तुला खुपतं.

सूर्य बुडता बुडता आम्ही आत येऊन जेवायला बसलो. मटणाचे गार तुकडे आणि टोमॅटो.

तेव्हा बाहेरून बाईचा आवाज आला.

"ये... ये..."

मर्वने काटा खाली ठेवला.

"ये... जरा डावीकडे घे... ये..."

हा आवाज आम्ही लगेच ओळखला. म्हणजे बाई कोण ते नव्हे. कॅरव्हॅन मागे घेताना नवरा गाडीत असतो आणि बायको मागे उभी राहून हात हलवत असते. आमच्या संसारातली निम्मी भांडणं त्यातच झालीत. प्रत्येक मुक्कामावर संध्याकाळी हेच ऐकू येतं.

"आले वाटतं खुर्च्यांचे मालक," मर्व ओशाळून म्हणाला, आणि माफी मागायला उठला.

मी त्याचा हात धरला. कारण गाडीचा आवाज येत नव्हता.

फक्त ती बाई. आणि ती आमच्या दाराकडेच येत होती...

"ये... अजून ये... अजून..."

मी खिडकीतून पाहिलं. लाल माळ. झाड. बाकी काही नाही.

"ये... ये..."

आता तो आवाज पत्र्याच्या अगदी पलीकडे होता. मी वाट बघत होते ती एका शब्दाची. शेवटी बायको "थांब" म्हणतेच.

ती म्हणाली नाही.

कॅरव्हॅन एकदा हलली. कुणीतरी हळूच टेकावं तशी. मग सगळं शांत झालं.

आम्ही दिवा लावून बसलो. बसल्या बसल्याच कधीतरी डोळा लागला.

सकाळी साडेसहाला जाग आली ती घामाने. आणि आत अंधार होता. ऑक्टोबरात साडेसहाला इथे उजाडलेलं असतं. मी पडदा सरकवला.

काचेला चिकटून पत्रा होता.

पिवळट पांढरा, जुना, रिवेट मारलेला. दुसऱ्या कॅरव्हॅनची भिंत. मी धावत दुसऱ्या बाजूला गेले. तिथेही तीच. मागच्या खिडकीलाही तीच. मर्वने दार ढकललं. बोटभर उघडलं आणि पत्र्यावर आपटलं. त्याने खांदा लावला, लाथा मारल्या. काही होईना.

उजेड फक्त छतातल्या झडपेतून येत होता.

मोबाईलला तिथे रेंज नाही. मदत मागायचा रेडिओ गाडीत. आम्ही ओरडलो. हायवेवरून मोठे ट्रक जात होते, आम्हाला ऐकू येत होते, पण आमचं कुणाला ऐकू जाणार? आठ वाजता आत अडतीस होतं. मर्वच्या छातीवर दोन वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झालीय. त्याचे ओठ पांढरे पडायला लागले. ऊन चढलं की हा माणूस जगणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं.

झडपेतून तो मावणं शक्य नव्हतं. मी काटकुळी आहे. त्याने मला कमरेला धरून वर उचललं, आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या खिशात घातला.

"बाहेरून बघ काय अडकलंय," तो म्हणाला. "आणि ग्लेनिस, लवकर ये."

मी छतावर आले.

आजूबाजूला काही नव्हतं.

काहीच नाही. चारही बाजूंना मोकळा माळ. मी वाकून पाहिलं, खिडक्यांच्या काचा उन्हात चमकत होत्या. लाल मातीवर आमच्याच चाकांचे माग. दुसरे नाहीत.

मी पुढच्या बाजूने खाली उतरले आणि दार ओढलं. सहज उघडलं. मी हसतच आत शिरले...

मर्व नव्हता.

गादी चुरगळलेली. टेबलावर त्याचा चष्मा. खिडक्यांतून लख्ख ऊन आलेलं. मी संडासाचं दार उघडलं, पलंगाखाली पाहिलं. माणूस नव्हता.

मी बाहेर आले आणि दार लोटलं. आतून थाप पडली.

"ग्लेनिस, मिळालं का काही?"

मी दार उघडलं. कुणी नाही.

लोटलं. थाप.

तीन वेळा केलं मी हे. माझी पाचावर धारण बसली होती. मी पुन्हा छतावर चढले आणि झडपेतून आत डोकावले. आत नुसता काळोख होता. विहिरीतून बोलल्यासारखा मर्वचा आवाज आला.

"एवढा वेळ का लावलास?"

मला बाहेर येऊन दहा मिनिटंही झाली नव्हती.

मी ओरडले, "मर्व, धरून बस. मी ओढून काढते."

आता खरं सांगायचं तर, कॅरव्हॅन मागे जोडून मी आयुष्यात कधी गाडी चालवलेली नव्हती. ते त्याचं काम. पण त्या जागेवरून हलायला हवं, एवढं एकच मला कळत होतं. जागा त्यांची होती. मी गाडीत बसले, किल्ली फिरवली.

गाडी पुढे जाईना. इंजिन गुरगुरतंय, चाकं मातीत फिरताहेत, पण मागून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं. मी बाजूच्या आरशात पाहिलं.

आरशात एक हात होता. कॅरव्हॅनच्या मागच्या कोपऱ्यातून बाहेर आलेला. बोटं हलत होती. ये, ये...

"ये... अजून ये..."

मी डोळे मिटले आणि पाय पूर्ण दाबला.

किती वेळ गेला ठाऊक नाही. मग एक हिसका बसला आणि गाडी सुटली. वाटेवरून धडधडत हायवेवर आले. चाकं डांबरावर लागली तेव्हा अगदी शांतपणे, माझ्या कानाशी ती म्हणाली,

"थांब."

मी थांबले नाही. जरा पुढे गेल्यावर खिडकीतून एक माशी आत आली आणि माझ्या ओठावर बसली. मला रडू फुटलं. तेव्हा कुठे मी गाडी कडेला घेतली आणि मागे जाऊन दार उघडलं.

मर्व पलंगाच्या कडेला बसला होता.

मिठी मारायला म्हणून मी पुढे झाले, आणि तशीच थांबले. आदल्या दिवशी घरून निघताना त्याने गुळगुळीत दाढी केली होती. आता गालांवर पांढरे खुंट वाढले होते. गाल आत गेलेले. खाली बिस्किटांचे रिकामे पुडे आणि चाटूनपुसून साफ केलेले डबे पडले होते. मी नळ सोडला. पिम्बाला काठोकाठ भरलेली चाळीस लिटरची टाकी... कोरडी.

"चार दिवस," मर्व म्हणाला. "चार दिवस, ग्लेनिस."

माझ्या घड्याळात साडेनऊ वाजले होते. वार शनिवार.

पुढच्या गावातल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं आणि कडक आवाजात विचारलं, यांना इतके दिवस पाणी का दिलं नाही? मी काय सांगणार? बाप्तिस्मा आमच्याविना झाला. कॅरव्हॅन तिथेच विकली, मिळेल त्या भावात.

मर्व त्या चार दिवसांबद्दल बोलायचा नाही. मीही खोदून विचारलं नाही. तो या जूनमध्ये एका दुपारी आपण होऊन बोलला, भाजी चिरता चिरता, माझ्याकडे न बघता.

म्हणाला, त्याला बाहेरून माझा आवाज यायचा. रोज. मी त्या बाईशी गप्पा मारत असायचे. हसत असायचे. तो हाका मारून दमला. त्याला वाटलं, मी त्याला टाकून दिलं.

"चौथ्या दिवशी ती दारापाशी आली," तो म्हणाला. "म्हणाली, एकाला सोडते. दुसऱ्याला आमच्याबरोबर मुक्कामाला यावं लागेल. आज नाही, सवडीने. कोण येणार ते तू सांग."

सुरी थांबली होती.

"पाणी संपलं होतं, ग्लेनिस."

"काय सांगितलंस?"

"तुझं नाव."

एकसष्ट वर्षांचा माझा नवरा ओट्यापाशी उभा राहून लहान पोरासारखा रडला. मी त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिले. रागावले नाही. लोकांना वाटेल मी फार मोठ्या मनाची. तसं काही नाही.

तिसऱ्यांदा दार लोटल्यावर आतून थाप पडली ना, तेव्हा माझ्या हातात किल्ल्या होत्या. हायवे शंभर पावलांवर होता. आणि माझ्या मनात आलं होतं की कॅरव्हॅन सोडवावी, गाडी घ्यावी आणि एकटीनेच निघावं. मी गाडीपर्यंत गेले होते. कॅरव्हॅन जोडलेल्या आकड्यावर हात ठेवून किती वेळ उभी होते, ते मला आठवत नाही. मघाशी सांगितलं त्यात एवढं मी गाळलं. हे मी मर्वला अजून सांगितलेलं नाही.

त्याच्याकडे तेवढ्या वेळात किती दिवस गेले असतील, याचा हिशेब मी करत नाही.

आता आम्ही कुठे जात नाही. रसेल बोलावतो, नात चालायला लागलीय, विमानाने या म्हणतो. मी हो हो म्हणते. संध्याकाळी गल्लीत कुणी "ये... ये..." करत गाडी मागे घ्यायला लागलं की मर्व मुकाट्याने उठून टीव्हीचा आवाज वाढवतो. आणि मी खिडकीशी जाऊन कान देते, गाडीचा आवाज येतोय ना ते ऐकायला.

आजवर दरवेळी आलाय.

परवा मंगळवारी मात्र... नक्की सांगता येत नाही. टीव्हीचा आवाज फार मोठा होता.