विझवलेल्या निखाऱ्यांची मालकीण

नीवेस पेलेटचं, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या जळणाचं, पोतं आणायला मागच्या शेडात गेली तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते, आणि परत आली तेव्हा पावणेतीनही झाले नव्हते. एवढं काटेकोर सांगतो, कारण पुढे तिच्या मुलाने आळ घेतला की तू शेजारी गप्पा छाटत बसली असशील. तो खोटा आहे. त्या हवेत शेजारी कोण जातं? तीन दिवस बर्फ पडत होतं. कार्नियाच्या डोंगरातलं प्राकुर्त म्हणजे अकरा घरं, त्यांतली नऊ हिवाळ्यात कुलूपबंद, आणि उरलेल्या दोन घरांच्या मधे कमरेच्या वर बर्फ. पारा शून्याखाली चौदा. नळ गोठू नये म्हणून नीवेसने बारीक धार सोडून ठेवली होती, तर त्या धारेचीच बर्फाची वेणी झाली.

पेलेटची शेगडी ऑक्टोबरात घरात आली ती एका अटीवर. नीवेस एकाहत्तर वर्षांची, नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, लाकडं फोडून खांदा कामातून गेलेला. मुलगा लोरिस खाली उदिने शहरात राहायचा. त्याने सांगितलं होतं, ही शेगडी सांभाळून हिवाळाभर घर गरम ठेवलंस तर इथेच राहा. पण मी आलो आणि एकदा जरी घर गार सापडलं, तर त्याच दिवशी माझ्या गाडीत बसायचं. उदिनेत चौथ्या मजल्यावर तिची खोली तयार होती, इस्त्रीच्या टेबलाला चिकटून. गावच्या घरासाठी सूनबाईंनी दलालही हेरून ठेवला होता. शनिवारी बर्फ सारणारं यंत्र वर येणार होतं आणि त्याच्या मागोमाग लोरिस. आज गुरुवार.

पोतं ओढत ती आत आली आणि उंबऱ्यातच थांबली. घर गप्प होतं.

पेलेटची शेगडी कधी गप्प नसते. तिचा पंखा घुमतो, आणि भुशाच्या त्या पेरभर कांड्या टाकीतून जळणाच्या वाटीत टिक टिक पडत राहतात. आता काही नव्हतं. काचेआड काळोख, आणि छोट्या पडद्यावर लाल अक्षरं: ज्योत नाही.

नीवेस घाबरली नाही. शेगडी बसवणाऱ्या कारागिराने शिकवलेलं सगळं तिला पाठ होतं. टाकीत पेलेट होते. पेलेट पुढे ढकलणारा दांडा फिरत होता. ती बाहेर गेली, धुराच्या पाइपाच्या तोंडावरचं बर्फ खराट्याने झाडून आली. वाटी तर तिने सकाळीच व्हॅक्युमने लख्ख केली होती. राखेचा कण ठेवायचा नाही, असं कारागिराने बजावलं होतं. तिने पुन्हा बटण दाबलं. पेलेट पडले, पेटवणीची कांडी लालभडक झाली, आणि विझली. कारागिराला फोन केला. रस्ता बंद होता, तो काय येणार. फोनवरच एकेक गोष्ट तपासून घेतली आणि शेवटी म्हणाला की बाई, तुमच्या शेगडीत काहीही बिघाड नाही.

तिने दार उघडून वाटीत बोटं घातली. पेलेट ओले होते. नुसते दमट नव्हेत. कुणी तांब्याभर पाणी ओतावं तसे फुगून त्यांचा लगदा झाला होता. आणि त्यातून वास येत होता. कोरड्या भुशाचा नव्हे. पेटत्या निखाऱ्यांवर पाणी ओतलं की येतो तो वास... आंबट, जळका, नाकात बसणारा.

तो वास नीवेसला ओळखीचा होता. ऑक्टोबरात तिनेच तो काढला होता.

झालं होतं असं. त्या घरात आगकाडीने आग पेटवायची पद्धत नव्हती. नीवेसची सासू कातीने रोज संध्याकाळी चुलीतले निखारे राखेने झाकायची, राखेवर चिमट्याने क्रूस काढायची, आणि सकाळी राख सारून त्याच निखाऱ्यांवर फुंकर मारायची. तिच्या सासूनेही तेच केलं होतं, आणि त्या सासूच्या सासूनेही. भूकंपाच्या वर्षी कातीने दागिने घरात सोडून बाहेर पळाली, पण मक्याचं पोलेंता शिजवायच्या कढईत निखारे भरून घ्यायला विसरली नाही. ती वारल्यावर तीस वर्षं नीवेसने कुरकुरत का होईना, आग राखली. मग कारागीर आला, म्हणाला ही जुनी चूल हवा ओढून घेते, ती बुजवावी लागेल. तो गवंडीकाम करायला थांबला होता, घाई होती. नीवेसने बादली उचलली आणि निखाऱ्यांवर ओतली. मग राख गोळा करून कोबीच्या वाफ्यात टाकली.

आता बुजवलेल्या चुलीच्या बाजूने आवाज येत होता. कढईचा तळ खरवडल्यासारखा. खर्र... थांबून पुन्हा खर्र... विटांच्या मागून.

‘‘कोण आहे?’’ नीवेसने विचारलं.

खरवडणं थांबलं. विटांमधून गार झुळूक आली आणि तिच्यातून शब्द आले, बारीक, कातावलेले.

‘‘कुणी... विझवली?’’

वीस वर्षं सासूला तोंड दिलेली बाई होती ती, तिने आवाज लगेच ओळखला. घरातले सगळे कोट अंगावर चढवून ती पलंगावर बसून राहिली. खरवडणं रात्रभर चालूच होतं. सकाळी उशाजवळच्या पेल्यात पाण्याचा खडा झाला होता, आणि स्वयंपाकघरात दोन अंश उरले होते.

शुक्रवारी सकाळी तिने फावडं घेतलं, जुनी कढई घेतली आणि एर्विनोच्या घराची वाट धरली. अंतर दोनशे पावलं. लागला पाऊण तास. एर्विनो तिच्याच वर्गातला, जन्मभराचा शेजारी, लाकडावर जेवण रांधणारा आणि पेलेटला कोंबड्यांचं खाणं म्हणणारा. दारात तिला बघून त्याने आधी विचारलं की कोंबड्या मेल्या वाटतं. मग कढईकडे त्याचं लक्ष गेलं.

‘‘निखारे दे,’’ नीवेस म्हणाली.

‘‘तुझ्या त्या मशीनला निखारे कशाला? ते तर बटणावर चालतं ना?’’

‘‘एर्विनो, सासूबाई आल्यात.’’

तो हसायला लागला होता, ते मधेच राहिलं. भट्टीचं झाकण उघडून तो निखारे भरायला लागला, आणि भरताना हळू आवाजात सांगत होता की भूकंपानंतर तंबूत राहताना त्याच्या आईने कातीनेच्याच कढईतून विस्तव नेला होता, आणि त्यानंतर या घरात आगकाडी लागलेली नाही. हे खरं किती आणि फुशारकी किती, ते एर्विनोलाच ठाऊक. त्याच्या खिशात सिगारेटचा लायटर असायचा हे मी पाहिलेलं आहे.

‘‘आभार मानू नकोस हां,’’ तो म्हणाला. ‘‘विस्तवाचे आभार मानले की तो वाटेत मरतो.’’

‘‘तुझे आभार मानायला आलेच नव्हते मी,’’ नीवेस म्हणाली, आणि मफलर तोंडावर ओढून बाहेर पडली.

येताना वारा समोरून होता. बर्फ सुयांसारखं लागत होतं. तिने स्वतःच पाडलेली वाट पाऊण तासात बुजली होती. निम्म्या वाटेत तिने कढईत पाहिलं, तर निखाऱ्यांवर करडी साय धरली होती. ती थांबली. पाठ वाऱ्याकडे करून कढईवर वाकली, पण थंडीने तिचा दमच पुरत नव्हता, फुंकर येईना.

तेवढ्यात तिच्या डाव्या खांद्यावरून कुणीतरी फुंकलं.

लांब, सावकाश, सराईत फुंकर. निखारे लाल झाले. कानाजवळ ओल्या लोकरीचा वास आला. नीवेसने मान वळवली नाही. ती चालायला लागली, आणि मागून पावलं बर्फात रुतत येऊ लागली, करकर, करकर, तिच्यापेक्षा आखूड. निखारे काळवंडले की फुंकर यायची. दारापर्यंत असं सात वेळा झालं. नीवेसने मोजलं होतं, कारण मोजत राहिलं नाही तर आपण किंचाळू असं तिला वाटलं.

घरात आल्यावर तिने वाटीतला लगदा खरवडून काढला, निखारे आत घातले, त्यावर एर्विनोच्या भट्टीतली मूठभर राख पसरली. कारागिराने पाहिलं असतं तर त्याला भोवळ आली असती. खोलीत कुणीतरी उभं होतं. दिसत नव्हतं, पण तिच्या पाठीला ते कळत होतं, जसं पूर्वी भाजी चिरताना कळायचं.

नीवेस उठली आणि मागे न वळता बोलली. 

‘‘सासूबाई, विझवली मीच. चुकलं माझं. पण आता माझं ऐका. उद्या ही शेगडी गार सापडली तर मला उदिनेला नेतील. मग या घरात दुसरी सून यायची नाही... दलाल येईल. तो चूल फोडेल, घराच्या सुट्टीतल्या पाहुण्यांसाठी खोल्या करेल, आणि तुम्ही कुणाच्या मानगुटीवर बसाल? त्यांच्या? ते घाबरायचेही नाहीत, फोटो काढतील.’’

वारा धुराड्यात हुंदडत होता. मग टाकीत दांडा आपोआप फिरला. टिक. टिक. पेलेट निखाऱ्यांवर पडले, आणि ज्योत अशी उसळली की काच थरथरली.

नीवेस जमिनीवर बसली आणि रडली. मग उठून तिने बटाटा आणि चीजची जाड पोळी भाजून अख्खी खाल्ली.

शनिवारी अकराला यंत्र आलं, मागून लोरिस आला. बूट झटकत आत शिरला आणि पहिल्यांदा भिंतीवरचं तापमान बघितलं. बावीस. त्याचा चेहरा पडला. बिचारा वाईट नव्हता, घरून तयारी करून आला होता एवढंच. तो म्हणाला, आत्ता चालू आहे, पण परवा कारागिराला तुझा फोन गेला होता असं कळलं. माझ्यासमोर बंद करून पुन्हा पेटवून दाखव.

त्याने स्वतःच बटण दाबलं. शेगडी निवू दिली, तासभर. मग दार उघडून वाटीतली राख पाहिली आणि कपाळाला हात लावला.

‘‘आई, ही साफ करायची असते रोज.’’

तिने काही म्हणायच्या आत व्हॅक्युम सुरू झाला. राख गेली. निखाऱ्याचा शेवटचा काळा खडाही गेला. वाटी चमचमायला लागली. मग त्याने बटण दाबलं, हाताची घडी घातली आणि घड्याळ बघत उभा राहिला. एक मिनिट. पेलेट पडले. दोन मिनिटं. कांडी लाल झाली. तिसऱ्या मिनिटाला कांडी विझली, आणि लोरिसने मऊ आवाजात विचारलं की तुझी बॅग कुठे आहे.

नीवेस शेगडीकडे बघत होती.

‘‘दलाल,’’ ती पुटपुटली.

आत कुणीतरी फुंकलं.

लोरिसलाही ऐकू आलं. तो मागे सरकला, म्हणाला पंख्यात काहीतरी अडकलंय. पण तोवर वाटी भरून ज्वाळा उभी राहिली होती, आणि खोलीत ऊब अशी पसरली की त्याला जॅकेट काढावं लागलं. हरलेल्या माणसाने जेवावं तसा तो गुमान जेवला. निघताना म्हणाला, एप्रिलपर्यंत विषय काढत नाही. नीवेस म्हणाली, कुठल्या सालच्या ते आताच लिहून दे. गाडी वळणाआड गेली तशी तिने खिडकी उघडली आणि एर्विनोच्या घराच्या दिशेने कढईवर पळीने ठणाठणा वाजवलं. तिकडूनही एर्विनोने काहीतरी बडवलं.

संध्याकाळी ती शेगडीसमोर खुर्ची ओढून बसली, पाय पसरून, राणीसारखी. दिवसभराच्या धुराने काच काजळली होती. ज्योत नुसती पिवळी धूसर दिसत होती. उद्या पुसू, असा विचार करून तिने डोळे मिटले.

काहीतरी चोळल्यासारखा आवाज आला, म्हणून उघडले.

काच पुसली जात होती, आतून. ज्वाळेच्या बाजूने. सावकाश, गोल गोल, ताटलीएवढा स्वच्छ गोल होईपर्यंत. बाहेर बघायला एका चेहऱ्याला पुरेल एवढा.