आडवी काठी

तो मोबाईल खिशात घाल, अभिमन. ऐकायचं तर नीट ऐक, नाहीतर घरी जाऊन झोप.

ही गोष्ट आपल्या तोतारामची. नव्या स्टेशनाच्या गाळ्यांपाशी बसलेला दिसतो ना, तुम्ही पोरं ज्याला येडा म्हणता, तोच. येडा नाही तो. आयुष्यात एकदाच खोटं बोललाय, एवढंच.

तेवीस डिसेंबर, मंगळवार. रात्रीचे नऊ वाजून दहा मिनिटं. अमावास्या-बिमावास्या काही नव्हती. नखाएवढा चंद्र होता, तोही बुडालेला. तोताराम चाळीसगावहून शेवटच्या एसटीने आला आणि बोरखेडी फाटकावर उतरला. खिशात एक लखोटा. तो सितारा भाभीला द्यायचा आणि घरी जाऊन भाकर खायची, एवढंच काम.

लखोटा कसला, ते ऐका. फाटकापाशी स्टेशन व्हायचं ठरलं तेव्हा रस्त्याकडेची बावीस दुकानं उठणार होती. मोजणीत ज्याचं दुकान चालू सापडेल, त्याला नवा गाळा. लोकांची झोप उडाली. तोताराम चौथी नापास, सायकलचं पंक्चर काढणारा, पण बोलायला खमक्या. त्याने बावीस जणांची लाईटबिलं जमवली, फोटो काढवले, अर्ज भरून घेतले. "तुम्ही फक्त दारात उभे राहा," म्हणाला. "बोलायचं मी बघतो."

मोजणी आली ऑगस्टात, एका शुक्रवारी, भर दुपारी. अमीन पिंजारी तेव्हा नमाजला गेलेला.

अमीन गाद्या भरायचा. मशीन होतं त्याच्याकडे, पण लग्नाची गादी असली की कापूस हाताने, धनुकलीवरच पिंजायचा. तुंय्... तुंय्... पार शाळेपर्यंत ऐकू यायचं. नमाजला जाताना तो शटर ओढायचा नाही. कापूस झोडायची वेताची काठी दारात आडवी टाकायचा. मुठीला त्याच्या बायकोने, सिताराने, लाल दोरा गुंडाळलेला. काठी आडवी म्हणजे दुकान चालू, मालक येतोय. ती ओलांडून आत जायचं नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

साहेबाला नव्हतं. साहेब लांबच्या गावचा. त्याने आत डोकावलं, कागदावर काहीतरी खरडलं आणि पंच म्हणून सहीला तोतारामपुढे धरलं. तोतारामला वाटलं, काठी समोर पडलीये, त्यात सांगायचं काय? चष्मा घरी राहिलेला. वाचून दाखवा म्हणायची लाज वाटली. केली सही.

लिहिलं होतं, 'दुकान बंद. मालक नाही.'

एकवीस गाळे मंजूर झाले. ऑक्टोबरात जेसीबी आला. अमीन रस्त्यापलीकडे उभा राहून बघत होता, शेजारी तोताराम. भिंत पडली तेव्हा अमीनने विचारलं, "तोताभाऊ, मी नमाजला गेलोय म्हणून सांगितलं नव्हतं का तुम्ही त्यांना?"

"सांगितलं रे. ऐकलंच नाही त्यांनी."

"मग जाऊ द्या. तुम्ही तरी काय करणार."

महिन्याभरात अमीन गेला. छातीत कळ आली म्हणतात. असेल.

त्यानंतर तोतारामने चपला झिजवल्या. धुळे, जळगाव, जिथे पाठवतील तिथे. मशिदीतल्या माणसांच्या सह्या नेल्या. 'सही माझी, चूक माझी' असं स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहून दिलं. आणि त्या मंगळवारी पत्र मिळालं. गाळा नंबर बावीस. बांधल्यापासून कुलूपबंद. त्याची एकुलती एक किल्ली त्याच लखोट्यात.

तर चालला तोताराम. जुनी दुकानं होती तिथे आता नुसती खडी. बॅटरीच्या उजेडात पांढरी दिसत होती. थंडी मरणाची.

तुंय्...

थांबला. वाटलं, वाऱ्याने तार वाजली असेल. पण वारा नव्हता.

तुंय्... तुंय्...

बॅटरी फिरवली. माणूस नाही. कुत्रं नाही. पुढे, अमीनचं दार होतं बरोबर त्या जागी, खडीवर... काठी. आडवी. लाल दोऱ्याची.

पाय पुढे जाईना. ओलांडायची नाही ना ती.

"अमीन?"

...

"अमीन, पत्र आणलंय रे. तुझ्या गाळ्याचं."

...

आवाज थांबलेला. पण कोणीतरी वाट बघतंय, असं वाटत होतं. कशाची, ते तोतारामला कळलं. गुडघे टेकले त्याने खडीवर.

"नाही सांगितलं मी... खोटं बोललो तुझ्याशी. गप्प राहिलो."

...

मग तो ओरडला. मालक इथेच आहे, असं ऑगस्टात ओरडायला हवं होतं, ते डिसेंबरात ओरडला. "दुकान चालू शे! मालक आठेच शे!"

बॅटरी विझली. पुन्हा लागली तेव्हा खडी होती. नुसती खडी.

सिताराने दार उघडलं तेव्हा त्याच्या तोंडाला फेस आलेला. "भाऊ, बसा आधी. पाणी घ्या." त्याने लखोटा दिला. काठीचं सांगितलं. तिने लखोटा न उघडताच मांडीवर ठेवला.

"ती काठी जेसीबीखाली मोडली, भाऊ. दोन्ही तुकडे मी घरी आणले होते. यांच्या शेवटच्या आंघोळीचं पाणी तापवायला लाकूड कमी पडलं... तेव्हा चुलीत घातले. माझ्या हाताने."

सकाळी दोघं गाळ्यावर गेले. कुलूप गंजून घट्ट बसलेलं. तेल घातलं तेव्हा किल्ली फिरली. तोतारामने शटर वर ढकललं. आत कोऱ्या सिमेंटचा वास. भिंतीला अजून खिळासुद्धा ठोकलेला नव्हता.

दारात, आतल्या बाजूने, काठी आडवी.

अख्खी. मधे सांधा नाही. जळल्याचा डाग नाही. मुठीला लाल दोरा.

तोतारामने पाय उचलला, तशी सिताराने त्याची बाही धरली. "ओलांडू नका, भाऊ. नमाजला गेलेत."

आणि बाहेर पायरीवरच बसली. पिशवीतून सुई काढली, रजईला टाका घालायला लागली.

अजून तिथेच बसते. शटर उघडं, आत कोणी जात नाही. तोताराम तिच्या शेजारी. येणारा-जाणारा विचारतो, हे दुकान बंद आहे का? तो एकेकाला सांगतो, बंद नही, चालू शे.

उद्या स्टेशनावर गेलास की बघ, अभिमन. काठी तिथेच आहे.

हात लावू नको.