सगळ्यांसाठी खुला पाळणा

काम अगदी साधं होतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर आमच्या घरात हा विषय कोणी काढत नाही.

बाळकुमला पूर्वी जिथे गाव होतं तिथे आता टॉवर आहेत. त्यातल्या एका टॉवरखाली, पार्किंगला लागून, बिल्डरने गावकऱ्यांना एक हॉल दिलाय. त्याला खिडकी नाही. मिठागरातली फावडी, मासळीच्या टोपल्या, जाती, समया असं सगळं गावातलं जुनं सामान तिथे मांडून ठेवलंय आणि दारावर संग्रहालयाची पाटी लावलीय. बघायला काळं कुत्रंही फिरकत नाही. म्हणून हरिहरकाकांनी ठरवलं, लोक येत नाहीत ना, मग आपणच लोकांकडे जाऊ. काका म्हणजे शाळेतून रिटायर झालेले मास्तर, संग्रहालय तेच सांभाळतात. प्रत्येक वस्तूचे चहूबाजूंनी फोटो काढायचे, कॉम्प्युटरवर तिची हुबेहूब प्रतिकृती बनवायची आणि ती इंटरनेटवर फुकट ठेवायची. ज्याला हवी त्याने बघावी, उतरवून घ्यावी, वाटेल तशी वापरावी.

हे काम माझ्याकडे आलं तेव्हा मला सातवा महिना लागला होता. खोपटहून रिक्षाने जायचं, स्टुलावर बसून फोटो काढायचे, संध्याकाळी परत. रत्नदीप, माझा नवरा, म्हणाला, "जा तू. घरी बसून माझं डोकं खाण्यापेक्षा बरंय."

पाळणा मागच्या भिंतीशी होता. काळ्या लाकडाचा, चौकटीला पितळी कड्यांनी टांगलेला. आत लाल फडक्यात गुंडाळलेला वरवंटा. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात, तसाच कुणीतरी घातलेला राहून गेला असेल, असं मला वाटलं. पण फोटोत पाळणा आतून दिसायला हवा. मी वरवंटा उचलला.

"बाय, तो काढू नको."

गंगुबाई बोलल्या. पाळणा त्यांच्याच घरचा. दुपारी पंख्याखाली बसायला त्या रोज हॉलमध्ये यायच्या.

"आजी, फोटोपुरता काढते. मग ठेवते परत."

"तसा नाय. रिकामा पालना हालला ना, तं तो आपला भरून घेतो."

त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि लगेच नजर फिरवली. मला राग आला. माझ्या वडिलांनी, बाबुरावांनी, अंगात येणाऱ्या भगताला भर चौकात उघडं पाडलेलं. त्यांच्या मुलीने मसाला वाटायच्या दगडाला घाबरायचं म्हणजे हद्दच झाली. मी वरवंटा खाली जमिनीवर ठेवला आणि सगळे फोटो काढले. मग मुद्दाम, आजींच्या देखत, पाळण्याला एक झोका दिला. आजी उठून गेल्या.

बाकीच्या वस्तू स्क्रीनवर नुसत्या फिरवून बघता यायच्या. पाळणा मात्र बोटाने हलवता यावा, ही कल्पना माझी. ती लोकांना भलतीच आवडली. काका रोज नवीन बातमी घेऊन यायचे. "पायल, अगं नागपूरहून, बेळगावहून, पार ब्राझीलहून माणसं आपला पाळणा हलवतायत!" एवढं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

मग एका दुपारी मी समईचे फोटो काढत होते. पंखा बंद होता. मागून आवाज आला. कुर्र... कुर्र...

पाळणा हलत होता. वाऱ्याने हलतो तसा नाही. कुणीतरी बसून, मन लावून हलवावा तसा. मी जाऊन हाताने थांबवला. हात काढला की परत सुरू. वरवंटा आत ठेवला, तर वरवंट्यासकट हलायला लागला. काकांनी कड्यांना सुतळी बांधली. दुसऱ्या दिवशी सुतळी तुटून खाली पडलेली.

"अगं, शेजारी पार्किंग आहे. गाड्यांची थरथर असेल," काका म्हणाले. असं म्हणत त्यांनी फोन काढला आणि सवयीने आमचं पान उघडलं. स्क्रीनवरच्या पाळण्याला बोटाने एक मोठा झोका दिला.

भिंतीशी पाळण्याने तेवढाच मोठा झोका घेतला.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. काकांनी पुन्हा बोट लावलं, हळूच. तो हळू हलला. बोट उचललं. तो थांबला. मग काकांनी फोन टेबलावर पालथा घातला. थोडा वेळ काहीच झालं नाही, आणि मग पाळणा आपला आपण हलायला लागला. आता दुसऱ्याच कुणाच्या तरी बोटाने, कुठल्या गावात, कुणास ठाऊक.

"पायल... तू घरी जा," काका म्हणाले.

घरी गेले, पण सुटका कुठली? मी आडवी झाले आणि पोटात बाळ हललं. लाथ नव्हे हो. लाथ मला माहीत होती. हा झोका होता. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, एका लयीत. बाहेर डेपोत एसटी मागे घ्यायच्या शिट्ट्या चालल्या होत्या आणि मी पोटावर दोन्ही हात घट्ट दाबून धरले होते. थांबेना. जेवताना, आंघोळीला, डॉक्टरांच्या टेबलावर, सतत तेच. डॉक्टर हसल्या. "छान खेळतंय बाळ." रत्नदीपने पोटावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

मला भीती वाटली. बाबांना काय वाटेल ते वाटो, मला भीती वाटली. हे बाळ माझं राहणार की नाही, याची.

त्याच रात्री मी पाळणा इंटरनेटवरून काढून टाकला. झोका थांबला नाही. रत्नदीपने शोधाशोध केली तर कुणी त्याचा लहान मुलांचा खेळ बनवला होता, कुणी गाण्याच्या व्हिडिओत घातला होता, कुणी शाळेच्या पानावर लावला होता. "काढा म्हणून सांगू ना सगळ्यांना," तो म्हणाला. आम्ही सांगितलं. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकाने सभ्यपणे आमचंच वाक्य आम्हाला पाठवलं. सर्वांसाठी कायमचं मोफत, परत घेता येणार नाही. ते वाक्य मीच लिहिलं होतं.

मी गंगुबाईंकडे गेले. दारातच रडू फुटलं. त्यांनी मला जवळ घेतलं, पाणी दिलं.

"आजी, काहीतरी उपाय सांगा ना..."

"मना काय म्हाईत गो? आमी कदी रिकामा हालवलाच नाय..."

दिवस भरले त्या पहाटे झोका थांबला. एकदम. इतका अचानक की मी ओरडले. रत्नदीपने रिक्षात घातलं. हॉस्पिटलच्या दारात काकांचा फोन आला, ते पहाटेच हॉल उघडून बसले होते. "थांबला गं पाळणा! अगदी स्थिर आहे." रत्नदीपला हुंदका आला. मला वाटलं, सुटलो.

मुलगी झाली. गुलाबी, वजन चांगलं, श्वास नीट. फक्त ती रडली नाही. अजून रडलेली नाही. म्हणजे रडते, तोंड उघडते, लालबुंद होते, डोळ्यांतून पाणी येतं. आवाज नाही. डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं, सगळं जागच्या जागी आहे म्हणाले. येईल आवाज, वाट बघा म्हणाले. मी तिला मांडीवर घेऊन बसते. तिला झोका देत नाही.

परवा एक मेसेज आला. गोंदियाकडच्या एका बालवाडीच्या बाई आहेत, ओळख ना पाळख. 'मॅडम, तुमचा पाळणा आमच्या मुलांना फार आवडतो. पण त्यातलं बाळाचं रडणं बंद कसं करायचं? आधी नव्हतं, मागच्या मंगळवारी पहाटेपासून सुरू झालंय. थांबतच नाही, मुलं घाबरतात.'

मुलगी मंगळवारी झाली. आणि पाळण्याला आम्ही आवाज दिलेलाच नव्हता.

त्यांनी सोबत लिंक पाठवलीय. हा बघा फोन, म्यूटवर ठेवलाय. रत्नदीप म्हणतो, उघडू नकोस. पण आईने आपल्या मुलीचा आवाज एकदा तरी ऐकायला नको का... तुम्ही सांगा, उघडू?