उठतोय गं

जेवणाच्या हॉलमध्ये तिच्यासमोर एक उंच तरुण येऊन बसला, तेव्हा तिनं मान वर करून हसल्यासारखं केलं, बस्स. त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र उलटं फिरलेलं, तिचं पर्समध्ये. कंपनीचं हे पहिलंच संमेलन. चारशे माणसं, त्यातल्या बहुतेकांनी एकमेकांना पाहिलेलंच नाही. ती मात्र एकालाच शोधत होती.

कंपनीत जेमतेम सहाजण होते, तेव्हा सगळे घरून काम करायचे आणि एकटं वाटू नये म्हणून दिवसभर कॉल चालू ठेवायचे. इंटरनेट रडकं, म्हणून कॅमेरे बंद, नुसते आवाज. ती ॲपची चित्रं काढायची, तो त्यातल्या चुका. त्याची खुर्ची अशी कुरकुरायची की तिनं त्याचं नावच ‘कुरकुऱ्या’ ठेवलं. जागेवरून उठायचं ते सांगून, असा सगळ्यांचा शिरस्ता. तो म्हणायचा, “उठतोय गं.” ती म्हणायची, “जा, पण लवकर ये.” आणि तो येईपर्यंत तिचं कामात म्हणून लक्ष लागायचं नाही.

मग कंपनीला बरकत आली. पगार वाढले, ‘लॅपटॉपवर काहीतरी करते’ म्हणणारी आई चारचौघांत कौतुक सांगू लागली. पण विभाग पडले, माईक बंद ठेवायचा नियम आला, दिवसभराचा कॉल गेला आणि त्याबरोबर तोही. ‘संमेलनाला येतोयस का’ एवढं विचारायचाही तिला धीर झाला नाही... आणि उद्या सगळे पांगणार होते. आज भेटला नाही, तर संपलंच.

समोरचा पाणी प्यायला, त्यानं खुर्ची मागे सरकवली आणि सवयीनं तो पुटपुटला, “उठतोय गं.”

तिचा घास हातातच राहिला.

“जा,” ती हळूच म्हणाली, “पण लवकर ये.”

तो अर्धवट उठलेला तसाच थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“अजून सांगून उठतोस? कुणाला?”

“कुणालाच नाही. आईला वाटतं, तिलाच सांगतोय... ती म्हणते, जा की, मला कशाला विचारतोस.” तो हसला, मग एकदम गंभीर झाला. “तू ‘लवकर ये’ म्हणायचीस ना – त्यासाठी मी उगाचच उठायचो. तू तेव्हापासून आवडतेस मला.”

तिचे डोळे भरून आले. “मलाही,” ती म्हणाली. “आता उठू नकोस.”

तो बसला. हॉटेलची खुर्ची गुळगुळीत, आवाज म्हणून नाही. तेवढंच तिला जरा चुकल्यासारखं वाटलं.