फाट्यावर राहिलेली सवारी

जेवणं झाली होती. घरातली पोरं माझ्याभोवती बसली होती. किडे येतात म्हणून अंगणातला बल्ब बंद केला होता. माझ्या पुतण्याचा पोरगा किशोर मोबाइलच्या उजेडात एका गाडीची माहिती वाचत होता. त्याला गाडी घ्यायची आहे. चार मीटरच्या आतली, जमिनीपासून उंच, डिझेलवर चालणारी.

"आबाजी, पंधराशे सीसी. एकशे पंधरा हॉर्सपॉवर. अडीचशेचा टॉर्क. सहा गिअर. लिटरले वीस-बावीस देते म्हणते."

"हे कंपनी सांगते. गाडी काय सांगते?"

"गाडी कशी सांगन, आबाजी?"

"सांगते. ऐकणारा पायजे."

पोरं हसली. मी हसलो नाही. हीच गाडी, हेच इंजिन, उत्तमरावच्या जावयाकडे आहे. त्या गाडीनं उत्तमरावला जे सांगितलं ते मला त्यानं स्वतः सांगितलं. मी त्याला चाळीस वर्षं ओळखतो. तो कमी बोलतो आणि खोटं बोलत नाही.

"मधात बोलाचं नाही," मी म्हटलं. "झोप आली तर उठून जा."

कोणी उठलं नाही.

उत्तमराव आणि मी, आम्ही दोघं मूर्तिजापूरच्या अड्ड्यावर काळी-पिवळी चालवायचो. जीप नऊची, बसवायचो चौदा. उत्तमरावला मागे वळून सवाऱ्या मोजाव्या लागत नसत. किती बसल्या, कोणत्या अंगाला बसल्या, म्हातारी बसली की पोरगं, हे तो गाडीच्या बसण्यावरून सांगायचा. आम्ही चहाची पैज लावायचो. आम्हीच हरायचो.

दोन हजार तेवीस. डिसेंबरची बारा तारीख, मंगळवार. अमावास्या होती, पण मी तिला दोष देत नाही.

उत्तमरावची पोरगी अपेक्षा बाळंतपणासाठी माहेरी आली होती. दुपारी तिला कळा सुरू झाल्या. बायको कौशल्या आणि जावई नितेश तिला ॲम्ब्युलन्सनं अमरावतीला घेऊन गेले. नितेशची गाडी दारात राहिली. उत्तमरावही राहिला. ढोरांचं पाहायला कोणीतरी पाहिजे.

संध्याकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी नितेशचा फोन आला.

"मामाजी, ऑपरेशन करा लागते. रक्त लय कमी आहे तिचं. तिच्या ग्रुपचं रक्त इथं भेटूनच नाही राहिलं. तुमचा तोच ग्रुप आहे ना?"

"हाव. ओ निगेटिव्ह."

"मंग निंगा. साडेनवाच्या आत या. डॉक्टर म्हणते, त्याच्यापुढं थांबता येत नाही."

उत्तमरावनं चप्पल घातली, किल्ली घेतली, निघाला. दाराला कुलूपही लावलं नाही.

गाव हायवेपासून सहा किलोमीटर आत. माना आणि कुरूम यांच्या मधला पट्टा. रस्ता खड्ड्यांचा. पण गाडी त्याच्या हाताला सवयीची होती. ती सतराशे-अठराशे आरपीएमच्या खाली सुस्त असते, ढकलल्यासारखी चालते. त्याच्या वर काटा गेला की टर्बो लागतो आणि पाठीत धक्का बसतो. मग थांबत नाही. दुसऱ्या गिअरवर खड्डे, तिसऱ्यावर बाकी सगळं. क्लच हलका. स्प्रिंगा मात्र कडक. गाडी रिकामी असली की मागून उडते. भरली की बसून चालते. त्या दिवशी ती उडत होती. एकटा उत्तमराव, मागे कोणी नाही.

आठ वाजून दोन मिनिटांनी तो फाट्यावर आला. डावीकडे अमरावती, उजवीकडे मूर्तिजापूर.

आता या फाट्यावर काय झालं होतं ते आधी सांगतो. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

दोन हजार नऊचा डिसेंबर. अशीच थंडी. संध्याकाळी शेवटच्या फेरीला उत्तमरावची जीप गच्च भरलेली होती, दोघं टपावर. फाट्यावर गोदाबाई उभी होती. आमच्याच गावची, विधवा, कापूस वेचून पोट भरायची. तिची एकुलती एक पोरगी जमुना मूर्तिजापूरच्या दवाखान्यात बाळंतपणाला होती. गोदाबाईच्या काखेत जुन्या लुगड्यांचं गाठोडं होतं, बाळाला गुंडाळायला.

"उत्तमभाऊ, मले ने ना रे बापा. पोरगी एकटी आहे."

"जागा कुठी आहे, माय? पुढच्या फेरीत नेतो. तू हलजो नको इथून. मी येतोच."

मूर्तिजापूरला परतीची एकही सवारी मिळाली नाही. रिकामी जीप कोण आणणार? उत्तमराव बहिणीकडे जेवला आणि तिथेच झोपला. गोदाबाईची त्याला पुन्हा आठवणही झाली नाही. जीप लावताना वाटलं होतं, तिला दुसरी कोणतीतरी गाडी मिळेल, असं तो नंतर म्हणायचा.

दुसरी गाडी मिळाली होती. एक नाही, दोन. एका टेम्पोवाल्यानं तर खाली उतरून विचारलं. ती त्याला म्हणाली, उत्तमभाऊनं हलू नको म्हणून सांगितलं आहे.

सकाळी ती मैलाच्या दगडाला टेकून बसलेली सापडली. गाठोडं मांडीवर. अंग लाकूड झालं होतं.

जमुनाही त्याच रात्री गेली. बाळासकट.

गावानं उत्तमरावला तोंडावर काही म्हटलं नाही. त्यानं महिन्याभरात जीप विकली.

"आबाजी, मंग चौदा वर्षं तो त्याच फाट्यावरून येत-जात होता ना?" किशोरनं विचारलं.

"रोज."

"कधी काही दिसलं नाही?"

"कधीच नाही. ऐक."

त्या मंगळवारी हायवेवर ट्रकांची रांग चालली होती. उत्तमराव फाट्यावर थांबला. तेवढ्यात नितेशचा पुन्हा फोन आला. पोरगं रडकुंडीला आलं होतं.

"मामाजी, कुठी आहा?"

"फाट्यावर. भिऊ नको. तू हलजो नको तिथून. मी येतोच."

फोन ठेवला. आणि त्याचा हात तसाच राहिला.

आपण काय बोललो, ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. त्याच जागेवर... तेच शब्द.

ट्रक संपले. रस्ता मोकळा झाला. त्यानं क्लच दाबला.

तेव्हा गाडी बसली.

मागून. डाव्या अंगाला. आधी थोडी... मग जास्त. आधी गाठोडं ठेवावं आणि मग माणसानं टेकावं, तशी.

दार उघडल्याचा आवाज नव्हता.

उत्तमरावनं आरशात पाहिलं नाही. त्याला पाहायची गरज नव्हती. बाईमाणूस, अंगानं बारीक, म्हातारपणाकडे झुकलेलं. त्याला कळलं.

गाडी डावीकडे घेतली. अमरावतीचा रस्ता. नवा कोरा चौपदरी, सपाट. पहिला, दुसरा, तिसरा. काटा दोन हजारावर गेला. अडीच हजारावर गेला. इंजिन ओरडत होतं. गाडी ओढत नव्हती. वेग पंचवीस. टर्बो लागला की पाठीत बसणारा धक्का... नाहीच. मागून ट्रक हॉर्न मारत बाजूनं जात होते. समोरच्या मीटरवर एकही लाल दिवा पेटला नव्हता. इंजिन गरम नाही, ब्रेक धरलेला नाही. बारीक बाईचं वजन, आणि गाडी जणू दगड वाहत होती.

तीन किलोमीटर. आठ मिनिटं गेली.

दुभाजकात वळायला मोकळी जागा आली. तिथे गाडी आपोआप मंदावली. पाय ॲक्सिलेटरवर दाबलेला होता, तरी.

"माय..." उत्तमराव म्हणाला. मागे न पाहता. "आज नाही. माझी पोरगी आहे तिकडं. रक्त द्याचं आहे तिले. परत येतो. तुले परत येऊन..."



परत येऊन नेतो. पुढच्या फेरीत नेतो. हेच तो तिला दुसऱ्यांदा सांगत होता.

मागून काहीच आवाज नाही. रडणं नाही, श्वास नाही. फक्त मागच्या डाव्या काचेवर आतून वाफ धरली होती. एकट्या त्याच काचेवर.

सरळ गेलं तर अपेक्षा. वळलं तर मूर्तिजापूर, उलट दिशा, आणि साडेनऊ हातातून गेल्यासारखेच. पोरगी वाचली नाही तर बायको काय म्हणेल, नितेश काय म्हणेल, हे सगळं त्यानं त्या जागी थांबून पाहिलं. किती वेळ, ते त्याला सांगता आलं नाही.

मग त्यानं स्टेअरिंग वळवलं.

गाडीचं तोंड मूर्तिजापूरकडे झालं आणि तिसऱ्या गिअरवर धक्का बसला. चौथा. पाचवा. सहावा. काटा अठराशेवर, वेग शंभर. आवाज नाही, थरथर नाही. मागची बाजू बसलेलीच, त्यामुळे पुलांच्या सांध्यांवरही गाडी उडाली नाही. एवढी चांगली ती कधीच चालली नव्हती, उत्तमराव म्हणाला.

 

आठ वाजून अठ्ठावीस मिनिटं. जमुना होती त्या दवाखान्याचं फाटक. एक ट्यूबलाइट. माणूस नाही, कुत्रं नाही.

त्यानं गाडी थांबवली. इंजिन चालू ठेवलं.

"आलं, माय. उतर."

काहीच नाही.

एक मिनिट गेलं. घड्याळात आठ एकोणतीस झाले, तीस झाले.

"उतर ना, माय... मले जाऊ दे."

काहीच नाही.

त्यानं हात जोडले. स्टेअरिंगवर डोकं टेकलं.

मग मागचं डावं दार उघडलं. थंडी आत आली. गाडी थोडी उचलली गेली... मग पूर्ण.

दार लागलं. हळूच. झोपलेल्याची झोप मोडू नये, तसं.

पावलं वाजली नाहीत. उत्तमरावनं वर पाहिलं नाही. गिअर टाकला.

मूर्तिजापूर ते अमरावती, त्या वेळी, शहरातली गर्दी धरून तासाचा रस्ता. नऊ चौतीसला तो दवाखान्यात पोचला. चार मिनिटं उशीर झाला होता. डॉक्टरीणबाई दारात उभी होती, घड्याळाकडे पाहत. अजून पाच मिनिटं थांबले नसते, असं ती म्हणाली. उत्तमरावचं रक्त घेतलं. पोरगी वाचली. पोरगा झाला.

आता शेवटचं.

सकाळी उजाडल्यावर नितेश पिशव्या गाडीत ठेवायला खाली आला. उत्तमराव गाडीपाशी उभा होता. रात्रभर झोपला नव्हता. नितेशनं विचारलं, मामाजी, रात्री उशीर कावून झाला? उत्तमराव खोटं बोलत नाही.

"मूर्तिजापूरले गेलो होतो. एक सवारी उतरवून द्याची होती. या दारातून उतरली."

नितेशनं दाराकडे पाहिलं. मागचं डावं.

"या दारातून? कशी उतरली? आमची मोठी पोरगी चालत्या गाडीत दार उघडते म्हणून मी याचं लॉक लावून ठेवलं आहे. हे दार आतून उघडतच नाही, मामाजी."

"पाहू."

नितेश आत बसला, दार लावलं, आतला खटका ओढला. दार उघडलं नाही. पुन्हा ओढला. नाही.

"बाहेरून कोणीतरी उघडा लागते," तो आतून म्हणाला.

उत्तमराव दार उघडायला वाकला. आणि तसाच थांबला.

गावच्या रस्त्याची धूळ पूर्ण गाडीवर बसली होती. दारावर, काचेवर, हँडलवर. त्या हँडलवर चार ठिकाणी धूळ पुसलेली होती. चार बोटांची जागा. त्यानं आपलं बोट शेजारी धरून पाहिलं.

बोटं तरण्या पोरीची होती.