बाईंच्या शेजारची खुर्ची

"अहो, ती खुर्ची कुठं घेऊन चाललात?"

मी खुर्ची उचलून स्टेजवरून उतरत होते आणि समोर हा उभा. पावसानं भिजलेला, केस कपाळाला चिकटलेले. ओळख ना पाळख, सरळ खुर्चीचा दुसरा पाय धरून ओढायलाच लागला!

"सोडा. स्टेजवर एकच खुर्ची लागणार आहे."

"दोन लागतात की री," तो कानडी हेलात म्हणाला. "सत्कार जोडीनं करतात."

"जोडी असली तर!" मी दात-ओठ खात पुटपुटले.

कर्नाटकच्या सीमाभागात, गुंजीजवळच्या आमच्या गावातल्या मराठी शाळेत त्या दिवशी चंद्राबाईंचा निरोप समारंभ होता. एकतीस वर्षं बाई एकाच शाळेत. मी त्यांचीच विद्यार्थिनी, आता बेळगावात नोकरी करते. आमच्याकडे कुणी निवृत्त झालं की नवरा-बायकोला शेजारी शेजारी बसवून सत्कार करतात, म्हणून मंडपवाले न विचारताच दोन खुर्च्या मांडतात. पण बाईंनी लग्नच केलं नव्हतं. मागे एका सत्काराला त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामीच राहिली, आणि मागच्या रांगेतली पोरं खिदळली. बाईंचा तेव्हाचा चेहरा मी विसरले नव्हते. आज स्टेजची जबाबदारी माझ्याकडे होती. आज माझ्या बाईंना कुणी हसायचं नाही, एवढंच मी ठरवलं होतं.

मी खुर्ची खाली नेली. त्यानं वर आणली. मी पुन्हा नेली... त्यानं पुन्हा आणली!

"तुम्ही मंडपवाले का?"

"तसंच समजा. मी समर्थ. तुमचं नाव?"

"खुर्ची सोडा, मग सांगते."

"मग राहू दे नाव," तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याचा एकच गाल हसायचा, दुसरा साळसूद राहायचा. असल्या भांडणात हे कशाला बघावं माणसानं? पण मी बघितलं.

"पूर्णिमा, असू दे गं ती खुर्ची." मागे चंद्राबाई उभ्या होत्या.

"पण बाई, लोक..."

"असू दे म्हटलं ना."

बाई गेल्या. समर्थ हळूच म्हणाला, "पूर्णिमा... छान आहे नाव." मला रागानं घाम फुटला. रागानंच असावा.

कार्यक्रम सुरू झाला. बाई एका खुर्चीवर, शेजारची रिकामी. शाळा समितीचे अध्यक्ष म्हणजे माझेच आप्पा. त्यांचं भाषण लांबलं. मागून एक बारीक हसू आलं, तेव्हा मी वळून मागच्या रांगेकडं डोळे वटारले. मग बाई माईकसमोर आल्या. सगळ्यांचे आभार मानले, आणि शेवटच्या रांगेकडं बघितलं.

"बसवंत सर... वर या."

बसवंत सर आमच्या शाळेत कन्नड शिकवायचे, दोन-तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले, तेही एकटेच राहणारे. ते शेवटच्या रांगेतून उठले, शांतपणे स्टेजवर चढले आणि त्या खुर्चीवर बसले!

"आज सकाळी आम्ही दोघं खानापूरला जाऊन सह्या करून आलो," बाई म्हणाल्या. "लग्नाच्या."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. चारशे माणसं माना उंच करून बघायला लागली. मी तर आ वासून उभी. हे दोघं? स्टाफरूममध्ये दोन टोकांना बसून चहा पिणारे?

"माझ्या आईला सर पसंत नव्हते. कानडी जावई नको म्हणाली. ती असेपर्यंत तिचं मन मोडायचं नाही, असं मी सरांना सांगितलं. त्यांनी एकदाही घाई केली नाही. गेल्या वर्षी आई गेली..." बाईंनी पदरानं डोळे टिपले.

खरं सांगते, मला आधी रागच आला. मी इकडे त्यांच्यासाठी जीव टाकत होते, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाही! पण तेवढ्यात आप्पा उठले, आणि राग कुठल्या कुठे पळाला. आप्पा सीमाप्रश्नात कट्टर मराठी; तो विषय निघाला की आमच्या घरात ताटं थंड होतात. आप्पा आता चारचौघांत बाईंना काय बोलतात, या धास्तीनं मी डोळेच मिटले.

"हार एकच हाय, बाई," आप्पांचा आवाज आला. "आधी सांगिटलं असतं तर दोन आणलं असतं की वो!"

मी डोळे उघडले. बाईंनी आप्पांच्या हातातून हार घेतला आणि सरांच्या गळ्यात घातला. सरांनी तोच हार काढून बाईंच्या गळ्यात घातला. तेवढ्यात शाळेत दुपारचं जेवण रांधणाऱ्या मालुबाई सूपभर तांदूळ घेऊन धावत आल्या.

"आवो, बघतायसा काय? टाका की अक्षता!"

माझ्या ओंजळीत तांदूळ पडले. ते घालणारा हात समर्थचा होता, आणि तो हात जरा जास्तच वेळ थांबला.

"माहीत होतं तुम्हाला?"

"काका आहेत ते माझे. खुर्ची हलू द्यायची नाही, एवढंच काम दिलं होतं मला."

निरोप समारंभाची पाठवणी झाली. गेटपर्यंत सगळं गाव रडत आलं, बाईंनी कधीकाळी छड्या मारलेले बाप्येसुद्धा. आप्पा बाईंपेक्षा आठ वर्षांनी लहान, पण टॉवेलनं डोळे पुसत सरांना म्हणाले, "आमची लेक हाय, सर. जपा." कुणीही हसलं नाही.

"अन् नवरीसंगं पाठराखीण नको व्हय?" मालुबाई ओरडल्या.

"पूर्णिमा जाईल की," आप्पा म्हणाले. "जा गं. दोन दिस ऱ्हा अन् ये."

गाडीचं पुढचं दार उघडून समर्थ उभा होता.

निपाणीला सरांचं घर. बेळगावपुढचं काकती मागे पडलं. मागच्या सीटवर बाई आणि सर, दोघं दोन खिडक्यांतून बाहेर बघत, आणि मधे एकमेकांत गुंतलेले हात.

"पाठराखीण किती दिवस राहते तुमच्यात?" समर्थनं हळूच विचारलं.

"दोन-चार दिवस."

"आणि... कायमची राहिली तर?"

मी खिडकीची काच उगाचच खाली-वर केली.

"काकांनी एवढी वर्षं काढली," तो म्हणाला. "मला जमायचं नाही. मी आजच विचारतोय."

"समर्थ, रस्त्याकडं बघ," मागून बाई म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून, "आणि तू गं? तू कुणासाठी थांबतीयस?"

मी कुणासाठीच थांबले नव्हते. खुर्ची ओढल्यापासून मला तो आवडत होता, एवढंच होतं.

"आप्पांना मी विचारते," मी म्हणाले... आणि माझाच आवाज ऐकून हबकले.